शेऱ्याचा रकाना

मास्तर,

तुमचा खोकला कसा आहे हे विचारण्यात आता अर्थ नाही, तरी हात आधी तेच लिहितो. काकूंचा गुडघा? त्याही आता तुमच्याकडेच, तिकडे पायऱ्या नसाव्यात, अशी आपली माझी आशा. इकडे माझी साखर गोळीच्या धाकात आहे. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता माझे पांढरे केस मोजत बसतात. बाकी घरचे सगळे बरे. बरे नाहीत ते तुमचे मोर्सच्या गप्पांचे सोबती, निफाडचे अप्पा, आणि त्याला कारण मी आहे. म्हणून हे पत्र.

सातपूरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम संपलं, तेव्हापासून मी घरी एक नोड चालवते. तुमच्या वेळी हे नव्हतं. जुना कॉम्प्युटर आहे, धान्याच्या कोठीशेजारी बसवलाय. रेडिओवर कुणाला लांबचं स्टेशन ऐकू आलं की तो इथे कळवतो आणि जोडलेल्या सगळ्या हौशी मंडळींना ते लगेच दिसतं, पाणवठ्यावर बातमी पसरते तसं. शिवाय कुणाचाही कॉलसाइन, ती रेडिओवरची ओळखीची अक्षरं, टाकून विचारलं की त्याचं नाव, गाव समोर येतं. ती यादी, म्हणजे डेटाबेस, सांभाळायचं काम माझं. कुणी शिकवलं नाही. इंग्रजी पानं चाळत, चुकत, दोनदा सगळं पुसून पुन्हा चढवत शिकले.

पण ती यादी मला अळणी वाटायची. नाव, गाव, बास. आणि माझ्याकडे तर तुमचं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, काकूंनी तुमच्या तेराव्यानंतर माझ्या हातात ठेवलेलं. त्यात प्रत्येक कॉलसाइनपुढे तुमचा शेरा. 'एका कानाने कमी ऐकतात, हळू पाठवावं.' 'मुलगी बाळंतपणाला आली आहे, विचारपूस करावी.' 'हवामान काढलं की सुटका नाही.' हसत हसत मी दोन महिने टाइप केलं, शेऱ्याचा नवा रकाना केला आणि फाइल चढवली. तुमचं शहाणपण सगळ्यांच्या कामी येईल असं वाटलं. तुम्ही ते तुमच्या टेबलापुरतं लिहिलं होतं, चव्हाट्यासाठी नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. बोटं चालत होती, डोकं कुठे होतं कोण जाणे. त्या ओघात अप्पांची ओळही गेली: 'हात कापतो. निम्मं कळत नाही. पुन्हा विचारू नये, समजलं म्हणावं.'

नवी यादी आली की माणूस आधी स्वतःलाच शोधतो. अप्पांनी मोबाईलवर आपला कॉलसाइन टाकला आणि मला फोन केला. "पोरी, मास्तरला माझं कळतच नव्हतं का गं?"  त्याच दिवशी अख्खा रकाना काढून टाकला. पण पदर झटकला म्हणून डाग जातो का? तुमच्यानंतर दर रविवारी सकाळी नऊला मीच त्यांच्याशी मोर्सच्या कीवर, टकटक करत, बोलत आले. गेले पाच रविवार मी हाक घालते आणि पलीकडून नुसती खरखर येते.

शेवटी मागच्या मंगळवारी निफाडला गेले. अप्पा द्राक्षाच्या मांडवाखाली उभे राहून घड विरळत होते. हातातली कात्री थरथरत होती, पण पडायचा तोच मणी पडत होता. की कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, फडक्यात बांधून फळीवर ठेवलीय, आता तिचं काय लोणचं घालायचंय. मी माफी मागितली. माझ्यावर राग नाही म्हणाले. मग घडाकडेच बघत बोलले.

"बायको गेली त्या साली जे कुनालाच नाय सांगितलं, ते मी मास्तरला सांगितलं व्हतं, कीवर. रोज सराव करून, धीरानं. त्यो म्हनला, समजलं. मंग त्याला काय समजलं आसंल?"

 मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् तुला..." एवढंच म्हणाले असतील, तोवर मी म्हणून गेले, "मला सगळं कळतं, अप्पा." त्यांनी कात्री मांडवाच्या तारेला अडकवली.

"तुझ्याम्होरं काय लिवलंय मास्तरनं?"

"हात चांगला."

"बास?"

"बास."

येताना एसटीत तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे होतं. काकू पोळ्या लाटतायत, ओट्याच्या कडेला तुमचा मोर्सच्या सरावाचा बझर वाजतोय, आणि मी तीन अक्षरं ऐकताच अख्खा शब्द लिहून मोकळी. तुम्ही हात थांबवता. "तारघरात असतीस तर लोकांना अर्ध्या तारा वाटल्या असत्यास. शब्द संपू दे." मी फुगून बसते, काकू गरम पोळीवर गूळ ठेवून माझ्यापुढे सरकवतात. रेडिओचं लायसन्स आलं त्या दिवशी तुमची पितळी की तुम्ही मलाच दिलीत, तेव्हा वाटलं, मास्तर ते विसरले. विसरला नव्हतात. रजिस्टरात आहे: 'हात चांगला. पूर्ण ऐकायच्या आधी उत्तर देते.'

सगळ्यांचे शेरे मी अक्षर न बदलता चढवले, माझा तेवढा पहिल्या वाक्यावर थांबवला. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, दुसरं काय. आणि 'सगळं कळतं' हेही खरं नाही. इतकी वर्षं मीसुद्धा तुमच्याच ओळीप्रमाणे समजलं, समजलं म्हणत आलेय.

अप्पांनी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते मला नको. कळलं होतं की नाही, एवढंच हवंय, आणि ते तुमच्याखेरीज कुणाला विचारू? हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून रजिस्टरात अप्पांच्या पानावर ठेवतेय. तरी जमलं तर लवकर लिहा. येत्या रविवारी नऊच्या आत मी निफाडला पोचणार आहे. तुमचं उत्तर हातात नसेल, तर माझ्यापुढची ओळ मला त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवावी लागेल.