धुतलेला बंब

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार केला तो रीत म्हणून. मनात काय आहे ते पुढे वाच. फोनच करणार होतो, पण मी आवाज चढवला की तू फोन आपटतेस. पत्र आपटून बघ हवं तर.

तुझं पत्र मिळालं. गॅलरीतला नळ दुरुस्त झाला, बाबांचा खोकला कमी आहे, लाँड्रीतलं नवं मशीन गिऱ्हाइकांच्या चादरी फाडतंय, सगळं वाचलं. आणि मग अगदी शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहावं तसं लिहिलंस, की बाबांच्या टेबलावरचा बंब फार मळला होता म्हणून तू तो साबणाच्या पाण्यात बुडवून लख्ख घासलास. ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तो मळला नव्हता. तो मी मळवला होता!

तुला समजेल अशा भाषेत सांगतो. ते दुकानातून आणलेलं खेळणं नव्हतं. प्लॅस्टिकचा एकेक भाग चौकटीतून कापायचा, कडा घासायच्या, जोडायचं, फट राहिली की लांबीचा लगदा भरायचा, वाळला की पुन्हा घासायचं. बाबांनी आगीचा बंब म्हणून जी गाडी आयुष्यभर चालवली, तीच गाडी खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी केली मी. दिवसभर दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या घडवायच्या आणि घरी येऊन पुन्हा भिंगाखाली मान घालून बसायचं. लाल रंगाचे किती पातळ हात दिले ते मलाच माहीत. आणि खरं काम तर त्याच्यापुढे सुरू होतं. कोरा करकरीत बंब कुणीही करेल. आमच्या छंदात माणसाचा कस लागतो तो गाडी वापरलेली दिसावी यात. काळा खडू किसून मी त्याची काजळी केली, शिडीखाली धुराचे ओघळ काढले, चाकांना चिखल लावला, दारांच्या कडांना गंज. वॉर्निशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता, तो पुढच्या सुट्टीत देणार होतो. तो दिला असता तर तुझ्या बापालासुद्धा ती काजळी काढता आली नसती.

बाबा त्या बंबाला किती जपायचे ते तूच कळवलं होतंस. त्याच्यावर सतत टॉवेल पांघरून ठेवतात, धूळ बसू देत नाहीत म्हणून. त्यांना ऐकू येईनासं झाल्यापासून माझ्याकडे त्यांना देण्यासारखं दुसरं काय उरलं होतं, सांग ना. मी इतक्या लांबून त्यांच्याशी बोलणार कसा? तो बंब म्हणजे माझं बोलणं होतं. ते तू साबण लावून मोरीत सोडून दिलंस.

बाबांना नमस्कार सांग. लोभ असावा असं आज माझ्या हातून लिहवत नाही.

तुझा,
बोळक्या


दि. ९ मार्च

चि. बोळक्यास,
अनेक आशीर्वाद. अनेकातले निम्मे हातचे राखले आहेत, माफी मागितलीस की पाठवीन.

तुझ्या बापाला म्हणजे कुणाच्या रे? बाप वाटून घेतलाय का आपण? दात पडून बोळकं झालं होतं तेव्हा भात मऊ करून भरवला तुला मी, आणि आज तू मला डोकं ठिकाणावर आहे का विचारतोस. दुसऱ्यांची तोंडं भरता भरता स्वतःच्या तोंडाला कुलूप लावायचं विसरलास.

लाँड्रीवालीच्या घरात काळा डाग ठेवतोस आणि वर कुणी तो काढला म्हणून बोंबलतोस. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात, पोट त्याच्यावरच भरतं माझं. ठेवताना एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं, की हा डाग मौल्यवान आहे, घासू नये? त्या दिवशी बाबांच्या बंबावरचे तिघे जुने सोबती चहाला यायचे होते. त्यांच्यापुढे ती काजळी फासलेली गाडी ठेवायची? लोक म्हणाले असते, मुलीला दुसऱ्यांच्या चादरी धुवायला वेळ आहे, बापाचं टेबल पुसायला नाही. म्हणून घेतला घासायचा ब्रश आणि धुतला. शिडी निखळली हे खरं. ती माझी चूक, ती मी कबूल करते. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

तुला वाटतं दुःख तुला एकट्यालाच झालंय. ते तिघे म्हातारे बंबाकडे बघत बसले ते चहावर साय आली तरी कुणी कप उचलला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते; बाबांच्या कानाशी तोंड नेऊन एकाने काहीतरी विचारलं, बाबांनी काहीतरी सांगितलं, आणि तिघेही मान खाली घालून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. खुर्ची ओढून बंबासमोर बसतात ते जेवायला खांद्याला हात लावून उठवेपर्यंत. टॉवेलसुद्धा त्यांनी घडी घालून कपाटात ठेवून दिला. आता झाकण्यासारखं उरलंय काय, असंच असणार त्यांच्या मनात.

पण एक लक्षात ठेव. त्यांचं पथ्य मी बघते, गोळ्या मी देते, उशीचे अभ्रे मी बदलते, आणि त्यातलं काहीही कुणी काचेच्या कपाटात ठेवत नाही. तू वर्षातून दोनदा येणार, खोका ठेवणार, बाबांच्या डोळ्यांत पाणी आणणार आणि गाडीत बसून जाणार. उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही.

जेवत जा वेळेवर. रागावले म्हणून तेवढं लिहायचं सोडणार नाही.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उंट काढलास ना? मग ऐक. रविवारी येतो आणि बाबांना कायमचं इकडे घेऊन जातो. त्यांचे कपडे, चष्मा आणि औषधं भरून ठेव. माझ्या घरी त्यांच्यासाठी खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे, आणि तिथे दिसेल ती वस्तू उचलून धुणारं कुणी नाही.

बाबा बोलत नाहीत म्हणतेस. कसे बोलतील? सगळा जन्म आगीत घातला त्या माणसाने. त्याची एवढीशी खूण त्याच्यासमोर राहिली होती, ती तू स्वच्छतेच्या नादात पुसलीस. मी नवा बंब करायला घेतलाय. या वेळी दुप्पट काजळी चढवणार आहे आणि त्याच दिवशी वॉर्निश मारणार आहे. मग या आणि घासा.

तुझ्या कष्टांबद्दल मी कधी काही बोललो नाही, बोलणारही नाही. पण कष्ट केले म्हणून बाबा तुझ्या नावावर होत नाहीत.

कळावे.
बोळक्या


दि. १७ मार्च

चि. बोळक्यास,
आशीर्वाद.

ने. खुशाल ने. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. लोकरीचा स्वेटर वरच आहे, प्रवासात त्यांना गारठा सोसत नाही. रात्री उठतात तेव्हा दिवा लागलेला लागतो. दूध कोमट द्यायचं, गरम नाही. हे सगळं तुला माहीत असेलच म्हणा, बंबाचा एकेक खिळा माहीत असतो तुला.

तुझी दोन्ही पत्रं त्यांच्या पुढ्यात टाकली आणि खुणेने सांगितलं, वाचा लेकाचे प्रताप. दाराशी ठेवलेली बॅगही त्यांनी पाहिली. मग मला खोलीबाहेर काढलं आणि कागद मागवले. काय लिहितात कुणास ठाऊक. दार आतून लावलंय.

मी भांडून दमले रे. बाबा गेल्यावर मी हे घर झाडणार कुणासाठी, एवढाच विचार सारखा येतो, आणि मग पुन्हा तुझा राग येतो.

तुझी,
ताई


दि. १७ मार्च

चि. ताई आणि चि. बोळक्या,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद. वाटून घ्या, आणि त्यावरूनही भांडा.

हेच पत्र मी दोनदा लिहिलं आहे. एक टपालात टाकेन, एक ताईच्या उशाखाली ठेवेन. एकाला जास्त लिहिलं असं म्हणायची सोय ठेवलेली नाही.

मी बहिरा झालो आहे, मेलेलो नाही. माझी बॅग कुणाला विचारून भरली? मला कुठे न्यायचं ते ठरवणारे तुम्ही कोण? जोडायचे भाग असल्यासारखं मला एका खोक्यातून काढून दुसऱ्यात घालायला निघालात. लाज वाटत नाही?

बोळक्या, तू मला लाल रंग कोणता ते विचारलंस, गाडीचा नंबर विचारलास, चाकं विचारलीस. बंब मळका असायचा का, हे विचारलं नाहीस. कधीच नसायचा! आग कितीही मोठी असो, परत आल्यावर तोंडाची काजळी धुवायच्या आधी आम्ही बंब धुवायचो. पाळी लावलेली असायची. बंब चकाकल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मळक्या बंबाला आमच्यात मान नव्हता, त्याची शरम होती.

माझ्या सगळ्या नोकरीत बंब न धुता एकदाच उभा राहिला. त्या दिवशी माझा जोडीदार शिडीवर गेला आणि खाली आला नाही. पाळी त्याचीच होती. त्याच्या पाळीला हात लावायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. बंब दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच अंगणात उभा होता. शिडीखाली धुराचे ओघळ, चाकांना चिखल. तू केलास ना, अगदी हुबेहूब तसाच.

तो तू टेबलावर ठेवलास तेव्हा पहिला दात आल्यावर दाखवायचास तसं तोंड करून माझ्याकडे बघत होतास. मी काय बोलणार होतो? तू गेल्यावर त्याच्यावर टॉवेल टाकला. धूळ बसू नये म्हणून नाही रे गाढवा. मला तो बघवत नव्हता.

आणि ताई, तू फरशीच्या ब्रशने माझा बंब घासलास. फरशीच्या ब्रशने! त्याला मऊ फडकं लागतं, हे बंबवाल्याच्या मुलीला कळू नये? पण धुतलास. माझ्या डोळ्यांसमोर तो अजून तसाच उभा होता, इतक्या वर्षांनी कुणीतरी तो धुतला. मी बोलत नव्हतो कारण मी बघत होतो. माणसाने घटकाभर गप्प बसून काही बघू नये का? लगेच बॅगा भरायला घ्यायच्या? चहाला आलेल्या तिघांपैकी एकाने मला विचारलं, आज पाळी कुणाची होती. मी सांगितलं, माझ्या मुलीची. म्हणून त्यांना चहा गेला नाही. तुझ्या चहात काही खोट नव्हती.

आता हुकूम ऐका. बॅग उपसून कपडे कपाटात लावायचे. बोळक्याने रविवारी यायचं, मला न्यायला नाही, राहायला. येताना वॉर्निशची बाटली आणायची आणि स्वच्छ बंबावर हात द्यायचा. नव्या बंबावर एक ठिपका काजळी दिसली तर दोघांनाही घराबाहेर काढीन, घर अजून माझं आहे. ताईने त्या दिवशी लाँड्री बंद ठेवायची आणि कशालाही ब्रश लावायचा नाही.

आणि ती निखळलेली शिडी. बाकी सगळं नंतर करा, ती आधी जोडा. दोघांनी मिळून धरा, एकट्याने जोडली की वाकडी बसते. पक्की जोडा. माणसाला खाली उतरायला तेवढीच असते.

तुमचा, अजून रागातच असलेला,
बाबा