शहाण्णव किलोंचं पोट

जळगाव, दि. २० सप्टेंबर १९९१

चि. झुलाल यास, रतिलालभाऊचे अनेक आशीर्वाद.

गणपतीला तुझ्याकडे देवपूरला आलो, आपण दोघं भाऊ डॉक्टरांकडे गेलो, इथवर सगळं ठीक झालं. चूक झाली ती घरी येऊन तुझ्या वहिनीला खरं सांगितलं ही. डॉक्टर म्हणाले होते की दोघांचं दुखणं एकच, पोट साफ होत नाही आणि वारा धरतो. तीन महिने रोज सकाळी तासभर झपाझप चाला, जेवण आहे तेच ठेवा, म्हणजे चालण्यानं काय होतं ते कळेल. सुनंदानं यातलं चालणं तेवढं ऐकलं आणि पुढचं आपल्या मनानं ठरवलं. आमच्या डाळमिलच्या काट्यावर मी शहाण्णव किलो भरतो. पंच्याऐंशी भरलो तरच यंदा पितांबरआबांच्या मळ्यात भरीत खायला न्यायचं, नाहीतर मी घराची राखण करायची.

अरे, वर्षातून एकदा आपला बठ्ठा गोतावळा त्या मळ्यात जमतो. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायचं काम आबांनी वीस वर्षांपासून माझ्याकडे दिलंय. आता आबा थकले, पुढच्या साली बोलावतील की नाही कोण जाणे. मला जायचंच आहे.

आणि न्याय बघ. इकडे आल्यावर तुझं पोट बिघडलं की वहिनी मुगाची खिचडी टाकते, वर तूप सोडते, बिचारे भाऊजी वाळून गेले म्हणते. माझं बिघडलं की म्हणते, खा आणखी.

उत्तर धाड. थोरल्या भावावरची माया त्याच्या वजनाइतकी नसली तरी निदान तुझ्या वजनाइतकी असू दे.

तुझा, रतिलाल

&nbsp;

देवपूर, धुळे, दि. ९ ऑक्टोबर १९९१

ति. रतिलालभाऊ यांस, झुलालचा सा. न. वि. वि.

सांगायला आनंद वाटतो की माझं पोट सुधारलं. तीन आठवडे पांझरेच्या पुलापलीकडे जाऊन येतोय आणि आता सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, शाळेची घंटा चुकेल पण माझं पोट चुकत नाही. गुडगुड नाही, करपट ढेकर नाही. वजन होतं तेच, सत्तेचाळीस.

तुमचं काय? खरंच चालता ना, की मेहरूणच्या तळ्यावर बसून चालणारी माणसं मोजता? वहिनींना विचारायला हवं. मी इथे सातवीच्या वर्गाला रोज चालण्याचे फायदे सांगतो. मुलं कंटाळली, पण मास्तर टवटवीत आहेत.

वहिनींना नमस्कार. तुमचा आशीर्वाद असाच राहू द्यावा आणि हेवा करू नये.

आपला, झुलाल

&nbsp;

जळगाव, दि. २९ ऑक्टोबर १९९१

चि. झुलाल यास, आशीर्वाद. (मनापासून नाही, पण रीत आहे म्हणून.)

सहा आठवडे झाले. रोज तळ्याला पूर्ण चक्कर मारतो. बसत नाही. घामानं सदरा पिळून निघतो, गल्लीतली कुत्रीसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत. आणि पोट? जसंच्या तसं. संध्याकाळी नगाऱ्यासारखं फुगतं. तुझं तीन आठवड्यांत सुधारलं आणि माझं सहात नाही, हे काय गौडबंगाल आहे? एका आईच्या पोटची आपण, एकच दुखणं, एकच औषध.

दर शनिवारी चिंधा हमाल मला काट्यावर उभं करतो, आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं सांगतो की शहाण्णव, तितलंच शे. घरी तो आकडा माझ्याआधी पोचतो. सुनंदा म्हणते, चालून आल्यावर चोरून काही खात असाल. देवाशपथ खात नाही रे. आजवर खायचो तेव्हा तिनं पकडलं नाही आणि आता उपाशी माणसाला चोर ठरवते.

कंटाळा आलाय. दिवाळीपासून सोडून द्यावं म्हणतो. तुझं मत लवकर कळव.

तुझा फुगलेला भाऊ, रतिलाल

&nbsp;

देवपूर, दि. २१ नोव्हेंबर १९९१

ति. भाऊ यांस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, परीक्षा होत्या. चालणं सोडू नका. कसंही करा पण सोडू नका. माझं आपलं बरं आहे. इकडे थंडी फार पडली आहे. फराळ पोचला, शेव उत्तम होती. अधिक काय लिहू, घाईत आहे.

लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.

झुलाल

&nbsp;

जळगाव, दि. ८ डिसेंबर १९९१

चि. झुलाल यास, अनेक उत्तम आशीर्वाद, यावेळी अगदी मनापासून.

बारा आठवडे झाले आणि माझं पोट सुधारलं. दहाव्या आठवड्यात हळूहळू, मग एकदम. पंधरा दिवस वारा नाही, जळजळ नाही, इसबगोलचा डबा उघडलेला नाही. मला वाटायचं, आपल्या नशिबी हे सुख नाही.

पण वजन? शहाण्णव. चिंधानं दोनदा मोजलं, काट्याखाली खडा अडकलाय का तेही बघितलं. सुनंदा म्हणते, आकडा हलला नाही म्हणजे पोटही सुधारलं नाही, भरितासाठी बतावणी चाललीय. आता माणसानं आपलं साफ पोट दाखवायचं तरी कसं? तूच सांग.

भरीत २२ तारखेच्या रविवारी आहे. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू बारीक, तू मास्तर, तू खिचडीचा धनी. तिला एक पत्र लिही. आयुष्यात तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागतोय.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला, रतिलाल

&nbsp;

देवपूर, दि. १३ डिसेंबर १९९१

ति. सौ. सुनंदावहिनींस, झुलालचा सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. भाऊंचं पोट खरंच सुधारलं आहे. पुरावा मी आहे, आणि तो देताना मला लाज वाटते.

माझं तीन आठवड्यांत बरं झालं हे खरं. मग बरं झालंच आहे तर कशाला उठायचं, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत मी चालणं सोडलं. थंडी होती, गोधडी जाड होती. दिवाळीच्या सुमारास माझं पोट पहिल्यासारखं झालं, थोडं जास्तच. भाऊंना कळवलं नाही. एक तर तेही सोडून देतील अशी भीती, आणि दुसरं म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला नापास व्हायला आवडत नाही.

आता बघा. मी चाललो तेव्हा सत्तेचाळीस किलो, पोट बरं. थांबलो तेव्हाही सत्तेचाळीस, पोट बिघडलं. माझा काटा एकदाही हलला नाही. मग भाऊंचा हलला नाही म्हणून ते खोटे कसे? मी परवा डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले की बारीक अंगाला चालण्याचा गुण लवकर दिसतो, जाड्या अंगाला वेळ लागतो, असं त्यांच्या पाहण्यात आहे. का ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. पण थांबलं की दोघांचाही गुण जातो. वजन उतरेल असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.

आणखी एक. आमच्या दोघांचं पोट लहानपणापासून सारखंच नाजूक. त्याबद्दल मला कायम माया मिळाली आणि भाऊंना टोमणे. मला ते दिसत होतं. खिचडी गरम असायची, म्हणून मी गप्प बसलो. याचं मला वाईट वाटतं.

भाऊंना मळ्यात जाऊ द्या. माझ्यावर रागवा, पण थोडक्यात.

आपला अपराधी दीर, झुलाल

&nbsp;

जळगाव, दि. १७ डिसेंबर १९९१

चि. झुलालभाऊजी यांस, सुनंदाचे आशीर्वाद.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. तुमच्या गोधडीपाशी हे इतके हसले की ठसका लागला. रविवारी हे मळ्यात येतील आणि वांगी हेच भाजतील, तसं आबांना कळवलंय. तुम्ही शनिवारीच या. पहाटे हे तुम्हाला तळ्यावर नेणार आहेत, आणि गोधडी मी काढून घेणार आहे.

मला मेलीला वाटायचं, यांची सगळी दुखणी त्या जाडीतूनच निघतात. वीस वर्षं मी पोटाला सोडून पोटाच्या घेरालाच औषध देत राहिले. काल रात्री जेवताना यांना म्हटलं, चुकलं माझं. यांनी नुसतं ताक मागितलं.

आज सकाळी नेहमीसारखे चालायला गेले ते दोन तासांनी आले. डोळे लाल होते. एवढा उशीर झाला म्हणजे कुठेतरी कचोरी खाल्ली असणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हे आपणच म्हणाले की आज आणखी एक चक्कर मारावीशी वाटली. मी ओठांवरचं गिळलं आणि चहा ठेवला.

येताना स्वेटर आणा. लोभ आहे, आता दोघा भावांना सारखाच वाटला जाईल.

तुमची वहिनी, सुनंदा