मिशीचे बाबांना तूच सांगावेस

सौ. पौर्णिमेस सप्रेम नमस्कार.

तू शेतातून परतण्यापूर्वीच मला पाचच्या गाडीने अकोल्यास प्रयाण करावे लागत आहे. तेथे चित्रित होणाऱ्या युद्धकाळातील विनोदी प्रेमपटात मला भूमिका लाभली आहे. शत्रूच्या तावडीतून नायकास सोडविण्यासाठी नवरीचे सोंग घेणारा शिपाई मी आहे. नथीखाली मिशी शोभेना, म्हणून आज दुपारी अंजनगावी ती उतरविली.

वडील हयात असता मिशी काढू नये, हे मी जाणतो. परंतु मला दोन वाक्ये बोलावयाची आहेत आणि असा योग पुन्हा येणे नाही.

सलूनबाहेर देवरावकाका भेटले. माझे मुख पाहून त्यांनी टोपी काढली व म्हणाले, "नत्थुजी कवा गेला रे? मले काहून नाही कळवलं?" बाबा सुखरूप आहेत म्हणताच ते गरजले, "मंग बाप जिता असून हे काय करून आला बे?" सायंकाळी ते आपल्या ओसरीवर येतीलच. तत्पूर्वी हे वृत्त बाबांना तुझ्या तोंडून कळावे. आता ते निजले आहेत. मी तोंडास रुमाल बांधून आत आलो, परंतु त्यांना उठविण्याचे धैर्य झाले नाही.

आठ वाजता मी फोन करीन, तो बाबांच्या हाती दे. त्यांनी शिवी दिली, तर चित्रीकरण आटोपून शुक्रवारी घरी येईन. काहीच बोलले नाहीत, तर मिशी येईपर्यंत अकोल्यासच राहीन.

तुझा,
वासुदेव