करपलेल्या कॉफीचा कप

ताई, तुला आणि आईला नमस्कार.

मी कॉफी बनवणाऱ्या बरिस्ताची परीक्षा पास झाले, प्रमाणपत्रही हातात पडलं. आईला एवढंच वाचून दाखव.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. तापातून उठल्यापासून मला कसलाच वास येत नाही. परीक्षकबाईंनी तीन कप ठेवले आणि म्हणाल्या, "करपलेल्या बियांची कॉफी वासावरून ओळख." मी खरं ते सांगून टाकलं.

"जीभ शाबूत आहे ना? मग घोट घे."

कडवटपणावरून कप सापडला. पण काल खोलीत दूध करपलं आणि शेजारीण दार बडवेपर्यंत मला पत्ताच नव्हता. ताई, वास परत आलाच नाही तर? फार भीती वाटते गं.

आईचे गुडघे कसे आहेत? तिकडच्या कॉफीला वास कसा येतो असं तिनं विचारलं, तर छान येतो म्हण.

तुझीच,
धाकटी