चवथीचा स्टँडबाय

४ ऑगस्ट २०२५, सोमवार
पणजीचं ट्रेनिंग संपलं. साखळीच्या आमच्या दूध सोसायटीत कॉम्प्युटरवाला मी एकटाच, म्हणून मलाच पाठवलं. नवे शब्द शिकलो. जी एक गोष्ट बंद पडली की सगळंच अडतं, ती सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे मी. अभिमान वाटला. सर म्हणाले, हा दोष आहे. सरांना अनुभव कमी.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कोरगावच्या घरी आरती चालू असताना फोन आला, सर्व्हर बंद. म्हशींना चवथीची सुट्टी नसते, दूध येतच राहतं. आरती सोडून गेलो. यंदा जाणार नाही. पूजेची पाळी भावकीच्या पाच घरांत फिरते, यंदा ती आमच्या घराची. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच पाटावर मी बसणार. संकल्प: अध्यक्षांकडून दुसरा सर्व्हर काढायचाच.

११ ऑगस्ट, सोमवार
आला. एक प्रायमरी, एक स्टँडबाय. स्टँडबाय क्षणाक्षणाला पहिल्याला विचारतो, आहेस ना? याला हार्टबीट म्हणतात. उत्तर नाही आलं की तो आपणहून काम हातात घेतो. तो फेलओव्हर. सुमंगलेला समजावलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून मला दिवसातून एकदा तरी कोणी असं विचारलंय का? बायकोला टेक्निकल विषयात रस नाही.

अध्यक्ष म्हणाले, तरीही बंद पडला तर कृष्णनाथ, तूच येणार. हसून हो म्हटलं.

१६ ऑगस्ट
माणसांचाही क्लस्टर हवा, एकाला दुसरा जोडलेला. सर्व्हर रूमच्या दोन चाव्या केल्या. एक मला, दुसरी गौरेशला. गौरेश माझा चुलतभाऊ, सोसायटीतच क्लार्क. पूजेलाही स्टँडबाय तोच. मला ताप आला तर पाटावर तो. एकच रक्त, शंभर टक्के कंपॅटिबल.

सुमंगला म्हणाली, त्यापेक्षा साईशभावोजींना सांगून ठेवा. साईश म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. आमच्या भावकीतला नाही, आणि त्याला मोबाईलचा अलार्मसुद्धा बंद करता येत नाही. नको म्हटलं.

२१ ऑगस्ट
फेलओव्हरची टेस्ट राहिली. मुद्दाम प्रायमरी बंद करून बघायचं असतं. पण चांगलं चाललेलं बंद कशाला करा? शिवाय गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं आणायची होती.

गौरेश म्हणतो, पाटावर मीच बसतो, तू आरती सांभाळ. दोन्ही मशीन स्वतःला प्रायमरी समजायला लागली की त्याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. त्याला झापलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
दोडामार्गला एक चुलत आजोबा वारले. मी त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही पाठमोरे. पण भावकी एक, सुतक सगळ्यांना. प्रायमरी आणि स्टँडबाय एका फोनमध्ये डाऊन. हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

भटजींनी सांगितलं, भावकीबाहेरच्या माणसाने पूजा करावी, तुम्ही लांब राहा. साईश बसणार. सुमंगलेने माझं नवं पीतांबर साईशला आखूड होईल का, तेवढं बघितलं.

२७ ऑगस्ट, चवथ. सकाळ
साईश पाटावर, मी बाहेर अंगणात, खळ्यात. लांबून त्याच्या चुका काढल्या. कोणी ऐकलं नाही. असो. निदान पाच दिवस घरी तरी आहे.

दुपार
फोन. दोन्ही सर्व्हर बंद. दोन्हींच्या पिना मी एकाच बोर्डात घातल्या होत्या, बोर्ड जळला. रूमला कुलूप, दोन्ही चाव्या कोरगावात. गौरेशला म्हटलं, तू जा. तो म्हणाला, तूं प्रायमरी मरे, तूंच वच. अध्यक्ष म्हणाले, सुतकात तू मोकळाच.

संध्याकाळ, साखळी
सर्व्हर चालू केले. वेगवेगळ्या बोर्डांवर. आईला फोन करून विचारलं, यंदाची पूजा हुकली, तर पुढच्या वर्षी परत मीच ना? ती म्हणाली, ना पुता, पाळी कोणाखातीर रावना. पुढची गौरेशची, मग उरलेली तीन घरं. तोवर तिकडे आरती सुरू झाली. आई म्हणाली, फोन धरते, ऐक. ऐकली. साईश चांगला गातो. मला रडू आलं.

दूध घालायला आलेल्या यशोदाबाईंनी खिडकीतून विचारलं, सर्व्हर परत बंद पडला काय? हो म्हटलं.