साठ मीटरच्या वरची हवा

१२ डिसेंबर
फुगा आजही साठ मीटरवर अडला. उणे एकतीस. दोराची चरखी गोठली, माझ्या सहकाऱ्याची, दग्वाची बोटंही. फुग्याला बांधलेल्या यंत्रानं धूळ मोजली — जमिनीलगत भयंकर, साठवर जेमतेम कमी. त्याच्या वरचं देव जाणे. सगळं उलानबातर खोकतंय, आणि दग्वा म्हणतो, "वर स्वर्ग असेल, पण आपली दोरी तोकडी."

१३ डिसेंबर
सारनाईला अखेर माझ्याकडे आणलं. धाकटी बहीण, त्यात सातवा महिना. आईचं गेर, म्हणजे लोकरी तंबूघर, टेकडीवर सगळ्यांत शेवटचं. धूर म्हटला की अख्खं शहर त्या वस्तीकडे बोट दाखवतं. आई दारात आडवी उभी. म्हणाली, "मला इथून सकाळचा सूर्य दिसतो. तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?" मी म्हटलं, कोळशाच्या धुरात पोर वाढवायचं का? दारातून बाजूला झाली. जिंकले मी!

१७ डिसेंबर
पहाटे गार वाऱ्यानं जाग आली. गॅलरीचं दार सताड उघडं. सारनाई लाकडी चमच्यानं पहिल्या चहाचा नैवेद्य आकाशाला उडवत होती, अगदी आईसारखी. आकाश कसलं — समोरची इमारत दिसेना. नेमकी हीच सगळ्यात वाईट वेळ, चुली एकदम पेटतात. खूप रागावले. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "ताई, बाळासाठीच तर देतेय."

१८ डिसेंबर
दाराला चिकटपट्टी लावली.

२४ डिसेंबर
पट्टी कापलेली. कडाक्याचं भांडण. अडाणी म्हणाले तिला. दिवसभर रडली, जेवली नाही. संध्याकाळी मटण भरलेले छोटे बन्श उकडले, तेव्हा थोडे खाल्ले. तिचा खोकला काही थांबत नाही.

२ जानेवारी
कालपासून बाळ हललेलं नाही.

५ जानेवारी
मुलगा होता.
डॉक्टरीणबाई हवेबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. या हिवाळ्यातली अशी ही कितवी, एवढंच नर्सला विचारलं. आई टेकडी उतरून आली, सारनाईचे पाय चोळत बसली. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी मात्र मनातल्या मनात अजून त्या चहालाच दोष देतेय. दार उघडलं नसतं तर — हेच सारखं.

९ जानेवारी
नवी चरखी आली. फुगा पहिल्यांदाच पूर्ण वर गेला. एकशे चाळीस मीटरपर्यंत काळंकुट्ट. मग एकदम स्वच्छ. दग्वा आनंदानं मिठीच मारायला आला. मी आकडे पुन्हा पाहिले.
आईचं गेर इथून दोनशे दहा मीटर उंचावर आहे.