धनश्रीच्या कोपऱ्यातला माणूस

सौंसर,
कोजागरीचा आदला दिवस

तीर्थरूप केसरबाईच्या पायाशी धाकट्या भावाचं, मोरेश्वरचं डोकं पोचो.

भोपाळची हवा मानवली का? गुडघ्याला अजून तेलच चोळून राहिलीस की विनोदनं डॉक्टरला दाखवलं? (तुझा विनोद 'दाखवतो' म्हणाला म्हणजे दाखवलंच असं नाही, भाचा माझाच आहे.) इकडे सगळे खुशाल. संत्र्याला बहार बरा धरला, सुमनचा दमा ताब्यात आहे, अन् माझं मोटार वाइंडिंगचं दुकान चालून राहिलं, कारण लोकांच्या मोटारी जळणं काही थांबत नाही. धनश्रीचं काय, असं तू दर वेळी विचारतेस अन् आम्ही 'मजेत आहे' म्हणून विषय बदलतो. तर आज सगळं लिहितो. तुझ्या भाचीची गोष्ट आहे अन् थोडी माझीही, म्हणून दिवेलागणीच्या आधी वाचून घे.

पोरगी पांढुर्ण्याच्या आखाड्यात कुस्ती शिकली हे तुला माहीत आहे. तिथून नागपूरला कुलदीप सरांकडे गेली, अन् त्यांनी तिला एमएमए नावाच्या खेळात टाकलं. जाळीचा पिंजरा असतो. त्यात कुस्ती चालते, बुक्के चालतात, लाथा चालतात, अन् समोरच्याचा हात पिरगाळून त्यानं थाप मारून हार कबूल करेपर्यंत धरून ठेवता येतो. म्हणजे लहानपणी तू अन् मी ओसरीवर जे करत होतो तेच, फक्त इथे पंच असतो. (पंच असता तर तू इतक्या वेळा जिंकली नसतीस.) मागच्या उन्हाळ्यात बोरगावचे पाहुणे तिला पाहायला आले तेव्हा तिचा डोळा वांग्यासारखा झाला होता. सुमन म्हणाली, दार लागलं. मुलाच्या आईनं जरा वाकून पाहिलं अन् विचारलं, दोन्ही बाजूनं लागलं का? पोहे तसेच राहिले.

तिची पैशांच्या खेळातली पहिली लढत नागपूरला होती, दुपारी. कुलदीप सरांच्या हाताखालच्या माणसाला कावीळ झाली, म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात बसवलं. काम एवढंच, की बादली अन् बर्फ सांभाळायचा, राउंड संपला की तिचं तोंड पुसायचं, अन् आपलं तोंड बंद ठेवायचं. खांद्यावर टॉवेल टाकून मी स्टुलावर बसलो खरा, पण सावनेरला गाडी थांबली तेव्हा खाल्लेले आलुबोंडे नेमके तेव्हाच उठले. घंटी वाजायच्या आत मी बाहेर पळालो. परत आलो तर दारावरचा माणूस आत सोडेना. मी म्हणालो, अरे बाबा, लढून राहिली ती पोरगी माझी आहे. तो मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "काहून मजाक करता काका? तिचे बाबा तं आत बसून हायेत."

मी रसवंतीपाशी उभा राहिलो. ऊन चांगलं डोक्यावर होतं. अन् बाई, भिंतीपलीकडून मला माझाच आवाज ऐकू आला. "तिचा उजवा हात खाली पडून राहिला. लाथ माराच्या आधी पडते. तेव्हाच घूस." माझाच, दुकानात गिऱ्हाईकाला 'बेअरिंग गेली' म्हणून सांगतो तोच. रसवाला म्हणाला, काका, कोणीतरी तुमच्यासारखं बोलून राहिलं. मी म्हणालो, असेल. अन् एक रस मागवला.

धनश्री जिंकली. बाहेर येऊन ती माझ्या पाया पडली, सरांनी मिठी मारली अन् विचारलं, तुम्ही हे शिकले कुठं? माझ्या गळ्यात हार पडला अन् मी तो काढला नाही. (हार घातल्यावर 'हा माझा नाही' असं म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही.)

घरी मोबाइलवर लढत पाहिली. स्टुलावर माणूस बसलेला, माझा चौकड्याचा शर्ट, माझं टक्कल, खांद्यावर टॉवेल. सगळ्या लढतीत त्याची पाठच दिसते. सुमननं चष्मा लावून लावून पाहिलं अन् म्हणाली, हे तुम्हीच आहात. फक्त लग्न झाल्यापासून तुम्हाला इतकं निवांत बसलेलं पाहिलं नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. शनिवारी, बाधा झालेल्याला नेतात तसं, ती मला जामसांवलीला घेऊन गेली.

तिथं हनुमंतासमोर खूप माणसं बसली होती. कोणी घुमून राहिलं होतं, कोणी नुसतंच रडत होतं. मला तशा ठिकाणी आपण ठणठणीत आहोत याचीच लाज वाटते. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजवीकडे पाहिलं, अन् आपुलकीनं सुमनला विचारलं, "बाई, या दोघांतला बिमार कोनता हाय?" माझ्या उजवीकडे खांब होता. परतताना सुमन म्हणाली, म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू असेल. पण गाडीत ती माझ्या डावीकडेच बसली अन् उजवीकडची जागा रिकामी ठेवली.

पुढची लढत पांढुर्ण्याला होती, एका मंगल कार्यालयात. जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं पिंजरा उभा केला होता, अन् मागं 'शुभ विवाह' तसंच लिहिलेलं. जी जिंकेल तिला मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत जागा होती. धनश्रीनं या एका दिवसासाठी सहा-सात वर्षं हाडं झिजवली आहेत. मी ठरवलं, काही झालं तरी स्टूल सोडायचं नाही. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही.

पहिला राउंड मी ओरडत राहिलो. 'मार' म्हणालो, 'सांभाळ' म्हणालो, एकदा तर पंचालाच 'वाक' म्हणालो. पोरगी मार खाऊन राहिली होती. घंटी झाली, ती येऊन बसली, भुवईतून रक्त. मी पुसायला लागलो तर तिनं माझा हात धरला अन् सरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बाबा, तुमी बाहीर जा ना."

"काहून?"

"तुमी गेल्याशिवाय ते येत नाहीत."

मी म्हणालो, कोण ते? ती खाली पाहून म्हणाली, "मले माहीत हाय, नागपुरात तुमी नव्हते. त्यांचा हात थंडगार होता. सूज लवकर उतरली."

पोटच्या पोरीनं आपल्याला बाहेर पाठवलं अन् दुसऱ्या बापाला बोलावलं. मुंबईचं तिचं स्वप्न डोळ्यांसमोर होतं. मी उठलो, चपलांच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिलो अन् दाराच्या फटीतून पाहिलं. स्टुलावर तो बसला होता. कधी आला, कुठून आला, कळलं नाही. कुलदीप सर मान झुकवून त्याचं ऐकत होते. सरांनी माझं कधी असं ऐकलं नाही.

दुसऱ्या राउंडात धनश्री वेगळीच होती. तो बोलायचा अन् तिचा पाय आधीच तिथं असायचा. लोक टाळ्या पिटत होते. खरं सांगतो, मलाही आनंद झाला. तिसऱ्यात मात्र त्या दुसऱ्या पोरीनं खाली पडल्या पडल्या धनश्रीचा हात दोन्ही पायांत आवळला अन् कोपर उलटं वाकवायला सुरुवात केली. पोरगी थाप मारेना. तेव्हा माझाच आवाज आला, शांत, "सोडू नको. तुटला तं तुटू दे. थोडाच टाइम राहिला."

बाई, मी दार ढकललं. दारावरचा माणूस आडवा आला, म्हणाला, तिचे बाबा आत आहेत. मी त्याच्या काखेखालून घुसलो अन् जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडलो, धने, थाप मार. ओरडलो म्हणतो, पण आवाज चिरकला, फाटला, अर्धा घशातच राहिला. दुसरीकडून तो आवाज म्हणत होता, "दम धर, बेटा." दोन्हीकडून बापच बोलून राहिला होता. धनश्रीनं डोळे मिटले अन् मोकळ्या हातानं थाप मारली.

मी स्टुलाकडे पाहिलं. कोणी नव्हतं. ओला टॉवेल तेवढा घडी करून ठेवलेला. (मी जन्मात टॉवेलची घडी केली नाही. सुमनला विचार.)

हात वाचला, मुंबई गेली. सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. म्हणतात, एका दमात 'सोडू नको' अन् 'थाप मार' सांगणारा माणूस कोपऱ्यात नको. येताना गाडीत धनश्री कोपरावर बर्फ धरून बसली होती. रामटेकच्या टेकडीसारखा सुजला होता हात. मी विचारलं, तुला कसं कळलं कोणाचं ऐकायचं? तिनं बर्फ कोपराच्या दुसऱ्या बाजूला धरला. मग म्हणाली, "त्यांचा आवाज कापत नव्हता."

आता ती पुन्हा सरावाला जाऊन राहिली.

विनोदला, सूनबाईला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
मोरेश्वर

ता. क. : तू परवा फोनवर सुमनला म्हणालीस, की मोरेश्वर गुरुवारी येऊन गेला, पोटभर जेवला, कमी बोलला, अन् जाताना ताटाखालचा पाट उचलून जागेवर ठेवला. बाई, मी दसऱ्यापासून सौंसर सोडलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुला कसं कळलं असतं कोण बोलून राहिलं, म्हणून हे पत्र.

आणखी ता. क. : पुन्हा आला तर हाकलू नको, वाढ. जेवण झाल्यावर सहज विचार, की दिवाळीनंतर धनश्रीची लढत ग्वाल्हेरच्या एका उंच पोरीशी आहे, तिचा कोणता हात पडतो? सांगेल ते विनोदकडून कळव. पण कधी थांबायचं, हे मात्र त्याला विचारू नको. ते मी सांगेन.